तंजावरच्या किल्ल्यांतील प्रार्थनामंदिर

वाशिंदच्या स्टेशनावर उतरून मान वर केली म्हणजे माहुलीचा डोंगर दृष्टीस पडतो. ह्याच डोंगरावर १६३६ सालीं शहाजीराजांनीं निजामशाही जगविण्याचा आपला शेवटचा डाव मांडला. मोंगल आणि विजापूरकर ह्यांच्या फौजांचा वेढा पडल्यावर तो मोडला, आणि राजे आदिलशाहीची चाकरी पत्करून पुढें कर्नाटकाच्या वाटेस लागले. एवढी हकीकत आमच्याकडील शाळेंतलें पोरही सांगेल. परंतु त्या वाटेच्या शेवटाशीं काय होतें, ह्याची चौकशी आम्ही माहुलीच्या छायेंतलीं माणसें सहसा करीत नाहीं. त्या शेवटाशीं तंजावर होतें. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ह्यांनीं तें १६७५ च्या सुमारास घेतलें, आणि भोसल्यांची ही धाकटी शाखा तेथें १८५५ सालापर्यंत नांदली. पुण्याची पेशवाई बुडाल्यावरही सदतीस वर्षें कावेरीच्या कांठीं एक मराठी गादी, नांवापुरती कां होईना, शिल्लक होती.

तंजावर म्हटलें कीं सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह, तेथील मराठी नाटकें आणि बृहदीश्वराचें उत्तुंग विमान हीं उभीं राहतात. त्या विमानापासून थोड्याच अंतरावर, त्याच धाकट्या किल्ल्याच्या आवारांत, शिवगंगा तलावाशेजारीं एक लहानसें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे, आणि त्याच्या भिंतीवर संगमरवरांत एक भोसले राजा कोरलेला आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. ज्यांस ठाऊक असतें त्यांपैकींही पुष्कळांस तें चुकीचें ठाऊक असतें. तेव्हां ह्या मंदिराची कुळकथा नीट तपासून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

प्रथम हें मंदिर कोणत्या पंथाचें, तें पाहूं. तंजावरच्या पूर्वेस समुद्रकांठीं तरंगमबाडी नांवाचें बंदर आहे. तेथें डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीनें १६२० सालीं तंजावरच्या रघुनाथ नायकाशीं करार करून ठाणें घातलें. नायक गेले, मराठे आले, तरी डेन लोक तेथेंच राहिले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक हा लूथरपंथी. त्यानें पाठविलेले त्सीगेनबाल्ग व प्लुट्शाव हे दोन जर्मन पाद्री १७०६ च्या जुलैंत तरंगमबाडीस उतरले. हिंदुस्थानांत आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा हा पहिला जोड. त्या वेळीं तंजावरास व्यंकोजींचे पुत्र शहाजी राज्य करीत होते. त्सीगेनबाल्ग तमिळ शिकला, त्यानें छापखाना उभारला, तमिळ भाषेंत नवा करार छापला, आणि १७१८ च्या आक्टोबरांत 'नवें यरुशलेम' नांवाचें मंदिर बांधून पुरें केलें. पुढच्याच वर्षीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, तो वारला व त्याच मंदिरांत त्यास पुरलें. समुद्रापासून हांकेच्या अंतरावर असलेली ती इमारत तीनशें वर्षें उभी आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर डॅनिश राजाच्या नांवाचीं मुकुटासह गुंफलेलीं अक्षरें आजही दिसतात.

लूथरपंथीयांच्या बांधकामाची एक रीत आहे, ती समजल्यावांचून पुढील गोष्टीचा उलगडा व्हावयाचा नाहीं. आमच्या देवळाचे ठळक भाग दोन: गाभारा आणि सभामंडप. गाभारा अंधारा, मूर्तीचा. सभामंडप उजेडाचा, माणसांचा. रोमन पंथाच्या मोठ्या चर्चांतही वेदीचा भाग निराळा राखून त्यास गाभाऱ्यासारखेंच महत्त्व दिलेलें असे. लूथरनें धर्मवचन लोकांच्या भाषेंत लोकांच्या कानीं पडावें ह्यावर सारा भर दिला, आणि त्याबरोबर इमारतीचा तोलही फिरला. जर्मनींतील टॉरगाव येथील वाड्यांत १५४४ सालीं त्यानें स्वतः ज्या प्रार्थनामंदिराचा संस्कार केला, तें ह्या पंथासाठीं मुद्दाम बांधलेलें पहिलें मंदिर समजतात. तेथें एकच दालन आहे, आणि प्रवचनाचें व्यासपीठ दालनाच्या लांबीच्या मध्याजवळ, सर्वांस दिसेल व ऐकूं येईल असें ठेविलें आहे. म्हणजे कीर्तनकार मंडपाच्या मध्यावर उभा राहावा आणि गाभारा मंडपांतच विरून जावा, तसा हा प्रकार. आमच्या मतें लूथरपंथी मंदिर म्हणजे केवळ सभामंडप. आणि सभामंडपाची खरी परीक्षा त्याच्या शिखरावरून न होतां त्यांत कोण कोठें बसतें ह्यावरून होते. हा शेवटचा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

आतां तंजावराकडे वळूं. क्रिस्टियन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा प्रशियांत १७२६ सालीं जन्मला, हाले येथें शिकला, कोपनहेगनला पाद्री झाला आणि १७५० सालीं तरंगमबाडीस आला. तेथून तो त्रिचनापल्लीस गेला व लंडनच्या एका इंग्रज धर्मसंस्थेच्या खर्चानें काम करूं लागला. १७६९ सालीं तुळजाजी राजांची व त्याची पहिली भेट झाली. तंजावरच्या दरबारीं बोलतां यावें म्हणून हा गृहस्थ मराठी शिकला. तमिळ, फारशी, हिंदुस्थानी ह्या भाषा त्यास अवगत होत्याच. १७७८ पासून त्यानें तंजावरांतच ठाण मांडलें आणि पुढील वीस वर्षें तेथून पाय काढला नाहीं. लग्न केलें नाहीं. चैनीची त्यास आवड नव्हती.

त्या वेळचें तंजावर मात्र सुखांत नव्हतें. १७७३ सालीं अर्काटच्या नबाबानें इंग्रजांच्या पलटणी भाड्यानें आणाव्या तशा आणून शहर घेतलें आणि तुळजाजींस कैद केलें. विलायतेंतून ठपका आल्यावर १७७६ सालीं मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट ह्यानें त्यांस पुन्हां गादीवर बसविलें. त्यावरून पिगटलाच त्याच्या कौन्सिलानें अटकेंत टाकलें, आणि तो तेथेंच मेला. राज्य परत मिळालें, पण किल्ल्यांत इंग्रजांची शिबंदी येऊन बसली. ह्या शिबंदीच्या व गांवांतील ख्रिस्ती मंडळीच्या उपयोगासाठीं १७७९ सालीं किल्ल्यांतील मंदिराचा पाया पडला. जर्मन पाद्री, इंग्रजांचा पैसा, मराठी राजाच्या किल्ल्यांतील जागा आणि तमिळ कारागिरांचे हात असा तो चौरंगी योग होता. इमारत म्हणून तिची फार तारीफ करावी असें नाहीं. चुन्याच्या गिलाव्याची, साधी, बेताच्या आकाराची वास्तु. शेजारीं दोनशें फुटांहून उंच दगडी विमान उभें असतां तिनें शिखराच्या भानगडींत पडूं नये हें शहाणपणच झालें.

प्रवाशांच्या माहितीपुस्तकांतून व पाट्यांवरून असें सांगण्यांत येतें, कीं सरफोजी राजानें श्वार्ट्झवरील प्रेमाखातर १७७९ सालीं हें चर्च बांधिलें. कथा गोड आहे. पण सरफोजीचा जन्म १७७७ च्या सप्टेंबरांतला. दोन वर्षांच्या मुलानें, तोही अद्याप राजघराण्यांत दत्तक आलेला नसतां, चर्च बांधिल्याचें आम्हांस तरी मानवत नाहीं. त्या सालीं राज्य तुळजाजींचें होतें. सरफोजीनें दिलें तें निराळें आणि आमच्या मतें अधिक मोलाचें आहे. पण त्याकडे येण्यापूर्वीं मधलीं वीस वर्षें ओलांडलीं पाहिजेत.

पाया पडला त्याच वर्षीं मद्रास सरकारनें श्वार्ट्झला श्रीरंगपट्टणास हैदरअल्लीकडे पाठविलें. इंग्रजांच्या वकिलांवर हैदरचा काडीचा विश्वास नव्हता; ह्या पाद्र्याशीं मात्र तो मोकळेपणानें बोलला. भेटीचा उपयोग झाला नाहीं. १७८० सालीं हैदर कर्नाटकांत उतरला आणि तंजावरच्या भातखाचरांत घोडीं चरूं लागलीं. किल्ल्यांत दाणा उरला नाहीं. शेतकऱ्यांजवळ धान्य होतें. पण सरकारनें पूर्वीं घेतलेल्या धान्याचे पैसे बुडविलेले असल्यामुळें कोणी गाडी जुंपीना. शेवटीं राजानें श्वार्ट्झला मध्यें घातलें. त्यानें आपल्या शब्दावर बैल व धान्य मागितलें, आणि एक-दोन दिवसांत ऐंशीं हजार कलम धान्य किल्ल्यांत आलें, असें त्यानें स्वतः लिहून ठेविलें आहे. राजाचा शब्द, कंपनीचा शब्द आणि एका परदेशी बैराग्याचा शब्द, ह्यांपैकीं रयतेनें कोणता मानला हें पाहण्यासारखें आहे. तंजावरचें राज्य कशामुळें पोखरलें होतें, ह्याचें उत्तर आम्हांस लढायांच्या वर्णनांपेक्षां ह्या एका हकीकतींत अधिक सांपडतें.

१७८७ सालीं तुळजाजींनीं मरणापूर्वीं भोसल्यांच्या दुसऱ्या शाखेंतील सरफोजीस दत्तक घेतलें आणि त्याचा हात श्वार्ट्झच्या हातांत देऊं केला. पाद्र्यानें पालकपण स्वीकारलें नाहीं. राजाचे सावत्र बंधु अमरसिंग ह्यांच्याकडे कारभार द्यावा, अशी त्यानें सल्ला दिली. ती सल्ला महागांत पडली. शास्त्र्यांनीं दत्तक अशास्त्र असल्याचा निर्णय दिला, कंपनीनें तो उचलून धरला, अमरसिंग पालकाचे राजे झाले आणि मुलगा कोंडला गेला. श्वार्ट्झनें मग त्याची बाजू घेऊन मद्रासेस लिहिण्याचा सपाटा लाविला. १७९३ सालीं सरफोजीस मद्रासेस हलविण्यांत आलें. तेथें गेरिके ह्या दुसऱ्या लूथरपंथी पाद्र्याच्या देखरेखीखालीं तो इंग्रजी शिकला. गणित, भूगोल, शारीर अशा विषयांची त्यास गोडी लागली. १३ फेब्रुवारी १७९८ रोजीं श्वार्ट्झ तंजावरांत वारला. त्याच वर्षाच्या जूनमध्यें कंपनीनें अमरसिंगास उतरवून सरफोजीस गादीवर बसविलें, आणि १७९९ च्या आक्टोबरांत त्याच्याकडून तह लिहून घेतला. तहान्वयें राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, सालीना एक लक्ष होन आणि निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा एवढें उरलें.

येथें एक प्रश्न सरळ विचारला पाहिजे. श्वार्ट्झ सरफोजीचा तारक होता, कीं त्याच्याच हातून कंपनीनें मराठी राज्य अलगद उचललें? एका पक्षाचे चरित्रकार त्यास ऋषि ठरवितात, दुसऱ्या पक्षास तो साहेबाचा हस्तक वाटतो. आम्हांस दोन्ही मतें आळशीपणाचीं वाटतात. मुलाचा हक्क खरा होता, आणि त्यासाठीं झगडणाऱ्या माणसानें स्वतःसाठीं कांहीं मिळविलें नाहीं. परंतु तो ज्या दरबारीं न्याय मागत होता, तो दरबार न्यायाची किंमत घेणारा होता, हें त्याच्या ध्यानीं आलें असेल असें त्याच्या वागण्यावरून दिसत नाहीं. पिगट आणि अमरसिंग ह्यांच्या गोष्टी डोळ्यांसमोर घडूनही त्यानें कंपनीच्या सद्‌बुद्धीवर भिस्त ठेविली, हा त्याच्या निःस्पृहतेचाच दुसरा अंग म्हणावा लागेल. शिष्याचें राज्य गेलेलें पाहण्यास तो जिवंत नव्हता.

आणि असें असूनही ह्या शिष्यानें १८०१ सालीं लंडनच्या त्या संस्थेस पत्र लिहून आपल्या गुरूचें स्मारक संगमरवरांत घडवून पाठविण्याची विनंति केली. काम जॉन फ्लॅक्समन ह्या त्या काळच्या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडे गेलें. होमरच्या काव्यांवरील त्याच्या रेखाचित्रांनीं साऱ्या युरोपांत त्याचें नांव झालें होतें. त्यानें तंजावर कधीं पाहिलें नव्हतें. तथापि त्यानें कोरलेलें दृश्य मोठें संयमाचें आहे. श्वार्ट्झ मरणशय्येवर आहे. सरफोजी त्याचा हात आपल्या हातांत घेऊन उभा आहे. मागें त्याचे दोघे मानकरी आहेत. उशाशीं गेरिके उभा आहे, आणि खाटेजवळ पाद्र्याच्या शाळेंतील मुलें आहेत. अश्रूंचे पाट नाहींत, आकाशांतून देवदूत उतरत नाहींत. श्वार्ट्झचें दुसरें एक स्मारक कंपनीनें धाकट्या जॉन बेकनकडून करवून मद्रासच्या सेंट मेरीज चर्चांत बसविलें. दोन्ही पाहणाऱ्यास कंपनीची कृतज्ञता आणि शिष्याची कृतज्ञता ह्यांतला फरक सांगावा लागत नाहीं.

ह्या शिल्पांतील एक गोष्ट मात्र पाहणाऱ्यांच्या नजरेंतून निसटते. ज्या दिवसाचें हें दृश्य आहे त्या दिवशीं सरफोजी राजा नव्हता. गादी अमरसिंगांची होती; सरफोजी वीस वर्षांचा, हक्क सिद्ध होण्याची वाट पाहणारा राजपुत्र होता. राजाश्रय देणारा राजा आणि आश्रित पाद्री असें हें चित्र वाटतें, पण त्या क्षणीं आश्रित कोण होता तें उलट आहे. स्मारक घडविण्याची आज्ञा देतांना तो राजा झाला होता आणि राज्य गेलेलें होतें. गुरूची कबर किल्ल्याबाहेरील दुसऱ्या मंदिरांत आहे. तिच्या दगडावर सरफोजीनें स्वतः रचलेले इंग्रजी पद्य खोदलेलें आहे. एका मराठी राजानें त्या काळीं इंग्रजींत पद्यरचना करावी, हेंही नवलच.

ह्यावरून सरफोजी मनानें ख्रिस्ती झाला होता असा तर्क करणारे तेव्हांही होते. तो तसा झाला नाहीं. १८०३ सालीं त्यानें चिटणीस बाबूरावांकडून भोसलेवंशाचें चरित्र लिहवून बृहदीश्वराच्या आवाराच्या भिंतींवर देवनागरींत कोरविलें; एवढा लांब मराठी शिलालेख दुसरा क्वचितच असेल. १८०६ सालीं त्याच्या देवनागरी छापखान्यांत इसापच्या गोष्टींचें मराठी भाषांतर, 'बालबोध मुक्तावली', निघालें. १८२० ते १८२२ ह्या काळांत तो लवाजम्यासह काशीयात्रेस जाऊन आला. एकाच राजाच्या आज्ञेनें, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, देवळाच्या भिंतीवर कुळाची कथा आणि चर्चच्या भिंतीवर गुरूची मूर्ति हीं थोड्या वर्षांच्या अंतरानें कोरलीं गेलीं. त्यास ह्यांत कांहीं विसंगत वाटलें नाहीं. पुढें १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनांत एक पेला चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांस प्रायश्चित्ताच्या खटल्यांत गुंतावें लागलें. तेव्हां तंजावरच्या ह्या संगमरवराची कोणास आठवण झाली असेल असें वाटत नाहीं.

आतां सभामंडपांत कोण कोठें बसतें त्याकडे येऊं. तरंगमबाडीस व तंजावरास लूथरपंथी पाद्र्यांनीं जातीभेद मोडण्याचा हट्ट धरला नव्हता. वेल्लाळ मंडळी एका बाजूस आणि अस्पृश्य मानलेले दुसऱ्या बाजूस, असें एकाच छपराखालीं बसून एकच प्रवचन ऐकावें, एवढ्यावर श्वार्ट्झनें निभावून नेलें. भिंती एकजात, पण बैठका दोन. पुढें १८२५ च्या आगेंमागें तंजावरचें काम इंग्लंडच्या चर्चकडे गेलें. १८२६ च्या ईस्टरला बिशप हेबर तंजावरीं आला, ह्या मंदिरांत बोलला, सरफोजीस भेटला आणि जातींच्या प्रश्नाची चौकशी करूं लागला; पण थोड्याच दिवसांत त्रिचनापल्लीस त्यास मरण आलें. १८३३ सालीं बिशप विल्सननें हुकूम काढला, कीं चर्चांत जात चालणार नाहीं. त्यावर तंजावरांत मोठी खळबळ माजली. सरफोजीचा गुरुबंधु वेदनायक शास्त्री हा नामवंत तमिळ ख्रिस्ती कवि. तोही विरोधकांत होता. १८४० पासून जर्मनींतून नवे लूथरपंथी मिशनरी तरंगमबाडीस येऊं लागले. ते ह्या बाबतींत सौम्य असल्यामुळें तंजावर-त्रिचनापल्लीकडील पुष्कळ मंडळी त्यांच्याकडे गेली. अशा रीतीनें लूथरच्या पंथाकडे परतण्याचें कारण धर्मतत्त्व नव्हतें, बसण्याची जागा होतें. विल्सनचें म्हणणें रास्त होतें हें आम्ही निःसंकोच म्हणतों. मात्र तें बाहेरून आलेल्या हुकुमाच्या रूपानें आलें, आणि आपल्या लोकांची हुकूम चुकविण्याची तयारी नेहमींच चांगली असते, मग ते कोणत्याही धर्माचे असोत.

ह्यानंतर दोन्ही शाखा निरनिराळ्या वाहिल्या. तमिळ लूथरपंथी मंडळीचें स्वतंत्र चर्च १९१९ सालीं स्थापन झालें, आणि त्याचा बिशप आजही तरंगमबाडीचा बिशप म्हणवितो. किल्ल्यांतील मंदिर १९४७ च्या सप्टेंबरांत दक्षिण हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चांत गेलें. म्हणजे लूथरपंथी माणसानें उभारलेलें तें मंदिर आज लूथरपंथीयांकडे नाहीं.

श्वार्ट्झच्या ह्या कारकीर्दींत मराठी हात लागलेली आणखी एक वास्तु आहे, आणि ती उभारणारी व्यक्ति राजा नव्हती. तंजावरकडील एक मराठी ब्राह्मण विधवा लिटलटन नांवाच्या इंग्रज अंमलदाराच्या आश्रयास राहिली होती. त्यानें तिला सहगमनाच्या चितेवरून वांचविलें, अशी परंपरा आहे. त्यानेंच तिला ख्रिस्ती धर्माची ओळख करून दिली. तिनें श्वार्ट्झकडे बाप्तिस्मा मागितला. पण लग्नावांचून ती त्या साहेबाजवळ राहते म्हणून श्वार्ट्झनें तो नाकारला. साहेब मेल्यावर १७७८ सालीं तिला बाप्तिस्मा मिळाला आणि तिचें नांव क्लॉरिंडा झालें. चितेपासून वांचलेली स्त्री शास्त्र्यांना नको होती, आणि वांचविणाऱ्याच्या घरीं राहते म्हणून काहीं काळ पाद्र्यालाही नको होती. ती दक्षिणेस तिरुनेलवेलीजवळ पाळयंकोट्टै येथें राहिली. तेथील ख्रिस्ती मंडळीच्या १७८० च्या नोंदवहींत निरनिराळ्या जातींचीं चाळीस माणसें आहेत, आणि पहिलें नांव तिचें आहे. तिनें पुढाकार घेऊन तेथें पक्कें मंदिर बांधविलें, व १७८५ सालीं श्वार्ट्झनें स्वतः येऊन त्याचा संस्कार केला. तें लहानसें मंदिर अद्याप उभें आहे. चर्चच्या दप्तरीं त्यास क्लॉरिंडाचें नांव आहे. गांवचे लोक मात्र त्यास 'पाप्पात्ती अम्माळ कोयिल', म्हणजे ब्राह्मणबाईचें देऊळ, असें म्हणत आले आहेत.